केवळाबाईच्या नवऱ्याची भागीदारी

केवळाबाईला कुणी रामराम घातला तरी ती आधी मागं वळून बघायची. रामराम आपल्यालाच का मागच्याला, आणि आपल्याला असला तर कशापायी, एवढं ठरल्याशिवाय तिचा हात वर यायचा नाही. माहूरला देवीला गेली तेव्हा पायथ्याला घेतलेल्या नारळावर तिनं हळदीचं बोट ओढून ठेवलं. गर्दीत नारळ बदलला तर कळायला पाहिजे ना! वर गेल्यावर नारळ तिचाच निघाला. तुम्ही-आम्ही असतो तर गप हात जोडून मोकळे झालो असतो. ही बाई गड उतरेपर्यंत हाच विचार करत राहिली, की दुसऱ्या कुणी पण तसंच बोट ओढलं असलं तर?

अशा या बाईचा एका माणसावर मात्र डोळे झाकून भरवसा. तो म्हणजे तिचा नवरा, दगडोबा. आता याचं कारण प्रेमबिम असंल, आपण कशाला त्यात पडा. पण मुख्य कारण असं, की दगडोबा खोटं बोलायला लागला की त्याचा डावा हात आपोआप कानाच्या पाळीला जायचा. लग्नानंतर आठच दिवसांत केवळाबाईनं हे हेरलं आणि त्याला कधी सांगितलं नाही.

कंधारपासून जवळच्या एका गावात या दोघांचं घर. चार एकर रान, सोयाबीन, तूर, हरभरा. हरभरा घरात आला की दगडोबा लातूरला जायचा, सेंट्रिंगच्या कामावर. स्लॅब ओतायच्या आधी खालून फळ्या-बल्ल्यांचा सांगाडा उभा करतात, ते सेंट्रिंग. महांतेश नावाचा एक गुत्तेदार, निलंग्याकडचा, एका बिल्डरच्या मोठाल्या इमारतींची कामं घ्यायचा. त्याच्याकडं दगडोबा चार-पाच उन्हाळे जात होता.

गावात मात्र कुणी विचारलं तर दगडोबा सांगायचा, "लातूरला बांधकाम बघतो." कसं बघतो? तर डोक्यावर फळी घेऊन बघतो! पण ते सांगायचं नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस मजूर कसा म्हणवून घेईल? केवळाबाईला सगळं माहीत होतं. त्याच्या हाताचे घट्टे तीच रात्री तेल लावून मऊ करायची. तीही गावात म्हणायची, "मालक बांधकाम बघून राहिले." इज्जतीचा प्रश्न होता, त्यात तिची शंका चालत नव्हती.

तर असा दगडोबा एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरून पडला. बल्ली सरकली, फळी पलटली आणि माणूस खाली. कमरेला पट्टा नाही, खाली जाळी नाही. उजवी मांडी मोडली, गुडघ्याचा चुरा झाला.

केवळाबाई लेकीला, शिवांगीला घेऊन लातूरच्या दवाखान्यात पोचली तेव्हा खाटेजवळ महांतेश उभा होता. हातात सफरचंदांची पिशवी.

"अक्का, काळजी करू नका. मी हाय ना! दवाखान्याचं सगळं माझ्याकडं लागलं."

केवळाबाईनं सफरचंद घेतलं, फिरवून बघितलं, नाकाला लावलं. मजुराच्या चहात साखर पडू देत नाही म्हणून दगडोबा ज्याच्या नावानं बोटं मोडायचा, तो माणूस सफरचंद घेऊन आलाय! डॉक्टरनं मांडीत रॉड घातला, बिल महांतेशनं भरलं, आणि जितकं तो भरत गेला तितकी हिची झोप उडत गेली.

"माय, माणूस मदत करायलाय," शिवांगी म्हणाली. पोरगी नांदेडला कॉलेजात शिकायची. "तुला त्यात बी वाकडंच दिसतंय."

"मदत करनारा माणूस सारखं दाराकडं बघतो का गं? ह्यो बघतोय."

तिचं चुकलं नव्हतं. टाके निघाले त्या दिवशी महांतेशनं खिशातून स्टँपचा कागद काढला. सगळा हिशोब मिळाला, पुढं काही मागणी नाही, असं त्यावर लिहिलेलं. बरोबर नोटांचं एक पुडकं. दगडोबानं हात पुढं केला. केवळाबाईनं मध्ये औषधाची बाटली ठेवली.

"अक्का, घरच्या माणसासारखं देऊन राहिलो मी. कोर्टकचेरीत गेलात तर लातूरला खेटे घालून चपला झिजतील."

"झिजू द्या. चपला आमच्या हायत."

"अगं, घे की," दगडोबा कण्हत म्हणाला, "माणसानं इतका खर्च केला..."

"तुमी निजा. तुमचा पाय मोडलाय, डोस्कं पण मोडलं का?"

महांतेश हसला. पण पुडकं खिशात घालताना त्यानं ते जरा जोरातच कोंबलं, आणि केवळाबाईनं ते बघून ठेवलं.

घरी आल्यावर शिवांगी नांदेडहून एका वकीलबाईला घेऊन आली. देविका तिचं नाव. वय असं, की केवळाबाईला आधी ती शिवांगीची मैत्रीणच वाटली. आईबाप दोघं मास्तर, आणि ही मजुरांच्या युनियनचे खटले चालवायची.

"फी किती?" केवळाबाईनं पहिलाच प्रश्न टाकला.

"आता काही नाही, मावशी. युनियन बघते."

झालं! केवळाबाईनं शिवांगीकडं असं बघितलं, की हीच तुझी हुशारी का. फुकट काम करणारी वकील तिनं जन्मात पाहिली नव्हती. चहा दिला, पण बशी आपल्याच हाताशी ठेवली.

देविकानं मात्र समजावून सांगितलं. कामावर असताना, कामामुळं माणूस जायबंदी झाला, तर भरपाई द्यायची जबाबदारी कामाला लावणाऱ्याची. गुत्तेदारानं हात वर केले तर ज्याची इमारत चाललीय त्या बिल्डरकडून मागता येते. कागदावर 'हक्क सोडला' असं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा, आणि माणूस लातूरला पडला तरी तुम्ही जिथं राहता तिथल्या, म्हणजे नांदेडच्या कामगार कोर्टात करता येतो.

"मग त्यो मेला लातूरचे खेटे कशाला म्हनत होता?"

"तुम्हाला भीती घालायला."

केवळाबाईच्या मनात वकीलबाईला पहिला मार्क तिथं पडला. पण पुढं देविका म्हणाली, "पाय किती निकामी झालाय ते डॉक्टर टक्क्यांत लिहून देतील, त्यावर रक्कम ठरेल," तेव्हा ही परत बिथरली.

"टक्के? पाय काय परीक्षेला बसला होता?"

दगडोबा खाटेवर पडून ऐकत होता. वकीलबाईकडं न बघता छताकडं बघत होता. त्याचं असं गप राहणं त्या दिवशी केवळाबाईच्या लक्षात आलं नाही. पाय दुखत असंल म्हणाली. बघा, जिथं संशय घ्यायचा तिथं बाईनं घेतला नाही.

नोटीस गेली. महांतेशच्या वकिलाचं उत्तर आलं. देविका ते घेऊन स्वतः गावी आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "मावशी, एक विचारते, रागावू नका. काका महांतेशचे भागीदार आहेत का?"

"कोनाचे?"

"त्यांचं म्हणणं, दगडोबा मजूर नव्हतेच. अर्ध्यावर भागीदार होते. भागीदाराला भरपाई कसली? उलट म्हणतात, सांगाडा पडून झालेल्या नुकसानीत अर्धा वाटा काकांनीच द्यायचा. आणि दवाखान्यात हवालदारानं जबाब घेतला, त्यात काकांनी स्वतः सांगितलंय, मी भागीदार आहे म्हणून."

केवळाबाईच्या डोळ्यांपुढं काय काय येऊन गेलं म्हणता! अर्धी भागीदारी, म्हणजे अर्धा नफा. तो नफा कुठंय? लातूरला? कुणाकडं? चार-पाच उन्हाळे हा माणूस लातूरला राहतो, फाटकी बनियन घेऊन घरी येतो, आणि तिथं याचा बंगला उभा राहतोय का काय? तिथं बंगल्यात कोण राहतंय? घट्ट्यांना तेल लावून लावून हिचे हात झिजले, आणि तो मात्र भागीदार!

ती आत गेली ती थेट खाटेपाशी.

"भागीदार, उठा."

दगडोबा उठून बसला.

"लातूरला काय हाय तुमचं?"

"काय न्हाई."

"घर हाय?"

"न्हाई."

"बाई हाय?"

"अगं ए! पोरगी ऐकायलीय."

"मग भागीदार कशाचे तुमी? हवालदाराला कोन म्हनलं?"

"त्यानं... त्यानं चुकून लिवलं असंल," दगडोबा म्हणाला, आणि त्याचा डावा हात कानाला गेला.

केवळाबाई खाटेपुढंच मांडी घालून बसली. मग दगडोबानं जे सांगितलं ते असं. शिवांगीला बिलोलीकडचं एक स्थळ चालू होतं. आनंदराज नावाचे गृहस्थ, मुलाचं खताबियाण्यांचं दुकान. होणाऱ्या याहीबुवांना, म्हणजे व्याह्यांना, सोयरे कसे आहेत ते बघायचं होतं, म्हणून ते होळीनंतर लातूरला कामावर आले. मजूर म्हणून कसं भेटायचं? दगडोबानं महांतेशच्या हातापाया पडून तासभर त्याच्या शेजारची खुर्ची मागून घेतली. खिशाला पेन लावलं, पायात महांतेशच्याच चपला. एक नंबर मोठ्या. महांतेश मोठ्या मनानं म्हणाला, "हे आमचे भागीदार." खालची गँग तोंडात टॉवेल कोंबून हसत होती. आनंदराज खूश होऊन गेले.

"आन हवालदाराला?"

"हवालदार इचारायला आला तवा याहीबुवा शेजारीच उभे होते गं! त्यांच्यापुढं मजूर कसं म्हनू? तू पोरीला घेऊन तवा औषध आनायला खाली गेली होतीस, येईस्तवर ते निघून बी गेले."

केवळाबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं पदर खोचला. तिच्या डोक्यात एक कुसळ अडकलं होतं. तिला औषध आणायला खाली कुणी धाडलं होतं? महांतेशनं. चिठ्ठी हातात देऊन म्हणाला होता, अक्का, हे बाहेरच्याच दुकानात मिळतं, जरा लांब हाय. आणि आनंदराज बिलोलीहून नेमके त्याच घटकेला लातूरला कसे?

पुढच्या दोन दिवसांत बाई बसनं कंधार, नांदेड करत बिलोलीला. आनंदराजनं ओसरीत बसवलं, चहा मागवला. केवळाबाईनं त्यांनी पहिला घोट घेईपर्यंत कपाला हात लावला नाही.

"याहीबुवा, एक इचारू? आमचे मालक पडले तवा तुमी लातूरला कसे काय आलात?"

"कसे म्हंजे? महांतेशची गाडी आली ना दारात!"

"गाडी तुमी मागितली होती?"

"मी कशाला मागू? डायवर म्हनला, भागीदाराची तब्येत लई खराब हाय, मालकांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय. मी पोचलो तवा हवालदार खाटेपाशी बसलेलाच होता."

"बसला होता का बसवून ठेवला होता?"

आनंदराज विचारात पडले. "तसं बघितलं तर... महांतेशच म्हनला त्याला, हां, आता लिवा म्हनून."

बघा म्हणजे! सगळ्या जगावर संशय घेता घेता बाईच्या हाती एकदाचा खरा माल लागला. महांतेशला दगडोबाची शेखी माहीत होती. सफरचंदं देताना त्याच्या मनात गाडीचं गणित चाललं होतं. केवळाबाईला त्या घटकेला रागाच्या आधी कसला तरी आनंदच झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

आता ती तिथून उठून आली असती तरी चाललं असतं. पण आनंदराजना कोर्टात महांतेशकडूनच साक्षीला बोलावणार, हे देविकानं सांगून ठेवलं होतं. तिथं कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळावं म्हणून केवळाबाई बोलली.

"याहीबुवा, भागीदार-बिगीदार काही न्हाई. मजूर हायत. सेंट्रिंगच्या फळ्या वाहतात. खुर्ची मागून आनली होती."

आनंदराजनी कप खाली ठेवला. "म्हंजे मला फसवलं."

"फसवलं. एकानं इज्जतीपायी, दुसऱ्यानं भरपाई बुडवायला. मला इचाराल तर इज्जतवाल्याचा राग मला जास्त आलाय."

"मुलाकडच्यांनी आता काय करावं म्हनता?"

"ते तुमी ठरवा. पन कोर्टात जे कानानं ऐकलं तेवढंच सांगा. आनखी काही मागत न्हाई."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. परतीच्या बसमध्ये केवळाबाईला वाटत होतं, हा माणूस आत्ता महांतेशला फोन करत असंल.

घरी दगडोबा हटून बसला. कोर्टात मजूर म्हणून सांगणार नाही म्हणाला. सोयरीक मोडेल, गावात तोंड दाखवता येणार नाही, पोरीचं नाव खराब होईल. शिवांगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही फळ्या वाहून माझी फी भरली. ते मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलंय. लपवायचं राहिलंय कोणापासून?"

दगडोबा तिच्याकडं बघतच राहिला. केवळाबाई पण. हिनं कधी सांगितलं सगळ्यांना? न विचारता?

तारखेच्या दिवशी नांदेडच्या कोर्टात बाहेरच्या बाकावर आनंदराज बसलेले. महांतेश त्यांना चहा पाजत होता. केवळाबाईनं तो चहा बघून ठेवला. दगडोबा कुबडीवर आत गेला, मागनं केवळाबाई. दार उघडंच होतं.

महांतेशचा वकील गोड बोलायचा. "दगडोबा, हवालदाराला तुम्ही सांगितलं, मी भागीदार आहे. खरं ना?"

"सांगितलं."

"मग खोटं तेव्हा बोललात, का आत्ता बोलताय?"

दगडोबानं दाराकडं बघितलं. बाकावर आनंदराज मान वाकडी करून ऐकत होते. दगडोबाचा डावा हात कुबडीवरून सुटला, वर यायला लागला. केवळाबाईची नजर त्याच्या कानावर. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथून परत खाली कुबडीवर गेला.

"तवा खोटं बोललो," तो म्हणाला. "मी मजूर हाव, बाईसाहेब. भागीदार असतो तर खाली खुर्चीत बसलो असतो, वर कशाला चढलो असतो? ह्यो महांतेश कवा फळीवर चढलाय का, इचारा त्याला."

न्यायाधीशबाईंनी मान वर न करता ते लिहून घेतलं. नंतर आनंदराजची साक्ष झाली. दगडोबा स्वतःला भागीदार म्हणाले, हे मी कानानं ऐकलं, असं त्यांनी सांगितलं. महांतेशचा वकील खुशीत बसला. मग देविकानं विचारलं, तुम्हाला तिथं कुणी आणलं? आनंदराजनी चहा पाजणाऱ्याकडं जरा ओशाळून बघितलं आणि गाडीचं सगळं सांगून टाकलं. हां, आता लिवा, हे सुद्धा. त्याच्या पुढच्या तारखांना दगडोबाबरोबर काम केलेला बसवंत आणि गँगमधले दोघं आले, आणि त्यांनी खुर्चीची गंमत सांगितली तेव्हा कोर्टाचा शिपाई पण हसला.

निकाल लागायला बरेच महिने गेले. दगडोबा मजूर ठरला. गुत्तेदार आणि बिल्डरनं मिळून भरपाई व्याजासकट कोर्टात भरायची, असा हुकूम झाला. देविकाचा फोन आला तेव्हा केवळाबाईनं आधी शिवांगीला ऐकायला लावलं, मग दगडोबाला, मग पुन्हा स्वतः ऐकलं. एकच बाई तिघांना वेगवेगळं सांगत नाही ना, हे बघायला. पैसे खरंच बँकेत जमा झाले तेव्हा मात्र तिनं पहिल्यांदा वकीलबाईसाठी पुरणाचा घाट घातला, आणि ती किती पोळ्या खाते ते मोजलं नाही.

त्याच आठवड्यात आनंदराज दारात. इतके दिवस फोन नाही, निरोप नाही, आणि आज धोतराला इस्त्री.

"विहीणबाई, आमच्या घरात होकार हाय. जे झालं ते झालं."

"होकार कवा झाला?" केवळाबाईनं विचारलं. "निकालाच्या आधी का नंतर?"

आनंदराज दगडोबाकडं बघायला लागले. दगडोबा सुटका करायला तोंड उघडणार, तेवढ्यात केवळाबाईनं त्याला डोळ्यानं दाबलं.

"नंतर," आनंदराज शेवटी म्हणाले. "आता तुमच्याशी खोटं काय बोलू. दुकान वाढवायचं म्हनतंय पोरगं."

"खरं बोललात, बरं वाटलं. मग माझं बी ऐका. ह्यो पैसा यांच्या पायाचा हाय. गुडघा वाकत न्हाई, पुन्हा वर चढता येत न्हाई, उरलेल्या जन्माची भाकरी हाय ती. पाय कोनी लग्नात देत न्हाई. त्यातला छदाम न घेता होकार असंल तर पोरीला इचारा. ती बसलीय आत."

आनंदराजनी चहा संपवला. उठताना म्हणाले, "घरी इचारून सांगतो."

"इचारा की."

दगडोबा कुबडी घेऊन त्यांना सोडायला पार रस्त्यापर्यंत गेला. पूर्वीचा दगडोबा असता तर गाडी सुटेपर्यंत काहीतरी बंगलेबिंगले सांगत बसला असता. आज गप चालला. परत येताना गावातल्या संगप्पानं ओट्यावरून हाक मारली.

"दगडोबा, कोन पाव्हणे? आन तुमी तर लातूरला बांधकाम बघत होता ना? मग ही भरपाई कसली मिळाली?"

"मजुराची," दगडोबा म्हणाला. "फळीवरून पडलो. मजूर होतो मी तिथं."

दारात उभ्या केवळाबाईनं सगळं ऐकलं. नवरा जवळ आल्यावर तिनं त्याच्या हातातली कुबडी घेऊन भिंतीला लावली, त्याला आधार देऊन उंबरा ओलांडवला, आणि मग हळूच विचारलं,

"ह्या संगप्पाला कसं कळलं हो, भरपाई मिळाली म्हनून?"